घोडा नसला तरी चालेल, आधी बघायला शिकवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात, त्या मी अगदी शेवटपर्यंत वाचते. रोबोटिक्स, अबॅकस, पोहणं, मातीकाम, आणि आता काही वर्षांपासून घोडेस्वारी. फोटोत हेल्मेट घातलेलं एखादं गोंडस पोर घोड्यावर बसलेलं, खाली फी आणि मोबाइल नंबर. वाईट काहीच नाही त्यात, आमचीही बसली आहे. पण सगळीकडे एकच, घोड्यावर बसा. घोड्याकडे बघा असं कुणीच म्हणत नाही. मला लिहायचंय ते याच्याबद्दल, कारण नुसतं बघायला शिकवणारी मुलांची टीम मी जवळून बघितली आहे आणि तशी पुण्यात एकही का नाही हे मला खरंच कळत नाही.

त्याचं असं झालं की मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं अमेरिकेत ओहायोमध्ये होतो. मुलगी तेव्हा सातवी-आठवीतली, नवीन शाळा, मैत्रिणी नाहीत, घरात नुसती चिडचिड. शाळेतून एक कागद आला की फोर-एच क्लबची घोडे जज करणाऱ्या, म्हणजे नुसते बघून कोणता घोडा सरस ते ठरवणाऱ्या मुलांची टीम आहे, कुणाला यायचंय का. आता फोर-एच म्हणजे काय तर आपल्याकडे सांगायचं तर कृषी विद्यापीठाने गावोगाव चालवलेली मुलांची मंडळं. १९०२ साली ओहायोतल्याच क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळेच्या अधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलांना जमवून ते सुरू केलं, मग १९१४ च्या एका कायद्याने विद्यापीठांच्या विस्तार कार्याला सरकारी पैसा मिळायला लागला आणि ते देशभर झालं. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चारींचे इंग्रजी शब्द एच वरून सुरू होतात म्हणून फोर-एच, चार पानांचं हिरवं चिन्ह. शिकवणारे मोठे लोक बहुतेक फुकट काम करणारे, कुणी शेतकरी, कुणी नर्स, कुणी रिटायर्ड मास्तर.

मी फोन करून पहिला प्रश्न विचारला तो हाच की अहो आमच्याकडे घोडा नाही हो, मांजर पण नाही. पलीकडच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या की टीममधल्या बऱ्याच मुलांकडे नाहीये, घोडा आम्ही दाखवतो, तुम्ही फक्त मुलगी आणि एक पॅड पाठवा. आपल्याकडे पूर्वी शिलेदार असायचे ज्यांचा घोडा स्वतःचा, आणि बारगीर असायचे ज्यांना घोडा सरकारातून मिळायचा. ही पोरं बारगीर सुद्धा नव्हेत, यांना बसायलाही घोडा मिळत नाही, कुंपणाबाहेर उभं राहून बघायचं. आणि तरी ती दर आठवड्याला थंडीत कुडकुडत यायची.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगते, जरा सविस्तर सांगते कारण त्याशिवाय यात गंमत काय आहे ते कळत नाही.

मैदानात चार घोडे आणतात. एकाच जातीचे, शक्यतो एकाच वयोगटातले, सगळ्या घोड्या किंवा सगळे नर. प्रत्येकाला १ ते ४ नंबर. याला क्लास म्हणतात. मुलांना दहा-पंधरा मिनिटं मिळतात. आधी घोडे बाजूने उभे दिसतात, मग समोरून, मग मागून, मग एकेकाला चालवत आणि दुडक्या चालीने पळवत आणतात. या वेळात एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही, मोबाइल बाहेर ठेवून यायचा. आणि शेवटी कार्डावर क्रम लिहायचा, पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा, चौथा. चार घोडे लावायचे २४ प्रकार होतात, त्यातला एक निवडायचा आणि कार्ड देऊन टाकायचं. ते दिलं की बदलता येत नाही.

तिकडे अनुभवी जजनी आपला क्रम आधीच लावून ठेवलेला असतो. समजा चारही घोड्या आहेत आणि तो क्रम ३-१-४-२ आहे. त्याबरोबर ते आणखी तीन आकडे देतात, शेजारशेजारच्या जोडीत फरक किती आहे ते सांगणारे, त्याला कट म्हणतात. समजा वरच्या जोडीचा कट २, मधल्या जोडीचा ५ आणि खालच्या जोडीचा ३. मुलीने बरोब्बर तोच क्रम लिहिला तर ५० पैकी ५०. वरच्या दोघींची अदलाबदल केली तर फक्त २ जातात आणि ४८ मिळतात, कारण त्या दोघी होत्याच जवळजवळ सारख्या, तिथे शहाण्या माणसांचंही मत वेगळं होऊ शकतं. पण मधली जोडी उलटी लावली तर ५ गेले, कारण तो फरक कुंपणावरून सुद्धा दिसायला हवा होता. आणि अख्खा क्रम उलटा लावला तर ३५ जातात, हातात १५ उरतात. मला ही गुण द्यायची पद्धत फार आवडली. चूक केवढी मोठी आहे त्या मानाने गुण कापायचे, आमच्या काळी गणितात शेवटच्या ओळीत गडबड झाली की अख्ख्या उत्तराला भोपळा मिळायचा.

एका टीमला चार मुलं असतात आणि बऱ्याच स्पर्धांमध्ये त्यातल्या सगळ्यात चांगल्या तिघांचे गुण धरतात, म्हणजे एखाद्याचा दिवस वाईट गेला तरी त्याच्यामुळे सगळे बुडाले असं होत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. क्रम लावून झाला की काही क्लाससाठी मुलांनी एकेकट्याने आत जायचं, जजसमोर उभं राहायचं आणि आपण असा क्रम का लावला ते दोन मिनिटांत तोंडी सांगायचं. हातात कागद नाही. याचे वेगळे ५० गुण. तिकडे याला रीझन्स म्हणतात. सांगायची रीत ठरलेली आहे, वरची जोडी, मग मधली, मग खालची, आणि प्रत्येक वेळी तुलना करून सांगायचं. तिचा खांदा चांगला आहे असं म्हटलेलं चालत नाही, १ पेक्षा ३ चा खांदा जास्त तिरका आहे असं म्हणावं लागतं. आणि त्याहून कठीण म्हणजे जिला खाली टाकलं तिचं जे चांगलं आहे ते कबूल करावं लागतं. मराठीत सांगायचं तर साधारण असं, "मी या घोड्या ३-१-४-२ अशा लावते. ३ ला १ च्या वर ठेवते कारण तिची पाठ आखूड आणि मजबूत आहे, मान खांद्यातून जास्त वर निघते आणि मागचा पुठ्ठा लांब आहे. मान्य आहे की समोरून येताना १ चे पाय जास्त सरळ पडत होते, पण तिची पाठ लांब आणि सैल आहे म्हणून तिला दुसरी ठेवते." मग पुढची जोडी. क्रम जजपेक्षा वेगळा लागला असला तरी मुलीने बघितलेलं खरं असेल आणि नीट सांगितलं असेल तर इथे गुण चांगले मिळू शकतात. उलट न बघितलेली गोष्ट ठोकून दिली तर लगेच पकडतात, काही वेळा जज प्रश्न पण विचारतात, दोन नंबरच्या कपाळावर पांढरं होतं का वगैरे.

मी स्वतः शाळेत वक्तृत्व स्पर्धा केल्यात, आपल्या पुण्यात त्याला काय तोटा नाही, पण खरं सांगू का, ती भाषणं आम्हाला बाई लिहून द्यायच्या आणि आम्ही हातवारे करून म्हणायचो. सभागृहातल्या सगळ्यांना माहीत असायचं की हे विचार या पोरीचे नाहीत. इथे तसं करताच येत नाही, कारण घोडे अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा दिसलेत, त्यांच्यावर निबंध कोण लिहून देणार. आमची मुलगी सुरुवातीला आत जायची आणि रडवेली बाहेर यायची, तिच्या कोच आजीबाई (सत्तरीच्या असतील, पायात गमबूट) तिला एवढंच म्हणायच्या की तू काय बघितलंस ते मला सांग, इंग्रजीची काळजी नको. हळूहळू ती सांगायला लागली. आता घरात कुठलीही गोष्ट नको असेल तर आधी माझ्या बाजूचे दोन मुद्दे मान्य करते आणि मग माझं म्हणणं खोडून काढते, हा तोटा मी धरून चाललेय.

बघायचं काय, हा प्रश्न कोणी विचारेल. मी कुंपणाबाहेर थर्मास घेऊन बसलेली आई, त्यामुळे जेवढं कानावर पडलं तेवढं सांगते. आधी लांबून पूर्ण घोडा बघायचा. मान, मधला भाग आणि पुठ्ठा एकमेकांना शोभतात का, वरची पाठीची रेघ आखूड आणि खालची पोटाची रेघ लांब दिसते का. मग खांद्याचा तिरकेपणा, साधारण ४५ ते ५० अंश असला तर पाय पुढे लांब पडतो आणि वर बसणाऱ्याला हिसके कमी बसतात. खुराच्या वरचा जो तिरका भाग असतो तो पण त्याच कलाने असावा, फार उभा असला तर प्रत्येक पावलाचा दणका वर सांध्यात जातो आणि फार आडवा असला तर तिथल्या शिरांवर ताण येतो. समोरून बघताना खांद्याच्या टोकावरून मनातल्या मनात गवंड्यासारखा एक ओळंबा सोडायचा, तो गुडघ्याच्या आणि खुराच्या मधून गेला पाहिजे. घोड्याचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं म्हणून तिथला दोष जास्त महागात पडतो. मागून बघताना मागचे दोन सांधे एकमेकांकडे वळलेत का ते बघायचं. आणि मग चाल, कारण उभा असताना मोतद्दार (घोडा सांभाळणारा) हुशार असेल तर बरंच काही झाकतो, पण पळताना लपत नाही.

हे सगळं झालं घोडा नुसता हातात धरून दाखवतात त्या क्लासचं. स्वार बसलेले क्लास वेगळे, त्यात घोडा किती शांत आणि एका लयीत चालतो ते बघतात, आणि रेनिंग नावाच्या ठरावीक करामतींच्या प्रकारात तर प्रत्येक घोडा ७० गुणांवर सुरू होतो आणि प्रत्येक करामतीला अर्ध्या अर्ध्या गुणाने वर किंवा खाली, जास्तीत जास्त दीड गुण इकडे किंवा तिकडे. ऑक्टोबरमध्ये कोलंबसला क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांचं एक प्रचंड मोठं संमेलन भरतं, काँग्रेस म्हणतात त्याला, तिथे मुलांच्या टीमची स्पर्धा बघायला आम्ही गेलो होतो. शेकडो पोरं, सगळी इस्त्रीच्या कपड्यात, आणि पिनड्रॉप शांतता. मला वाटलं एवढ्या मुलांना गप्प बसवणारा घोडा हा एकच प्राणी असावा.

आता पुण्याचं.

घोड्यांच्या बाबतीत पुण्याएवढं नशीबवान शहर महाराष्ट्रात दुसरं कुठलं आहे सांगा. कॅम्पात रेसकोर्स आहे, जुलै ते ऑक्टोबर इथे सीझन असतो, मुंबईचा हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात. प्रत्येक रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात आणि जाणती माणसं तिथे उभी राहून अगदी हेच करत असतात, पाय बघ, चाल बघ, अंगावर घाम आलाय का बघ. फरक इतकाच की ते पैसे लावतात, आणि म्हणून मध्यमवर्गीय मराठी घरात रेसकोर्स म्हटलं की विषय संपतो. पिंपरीला हाफकिनकडे सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी घोडे पाळतात. खडकवासल्याला एनडीएमध्ये कॅडेट घोडेस्वारी शिकतात. पुणे सोडून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं की शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, १०० वर्षांहून जुनं. आणि आषाढी वारीत तर अंकलीहून चालत आलेले माऊलींचे अश्व आपल्या शहरातूनच जातात. टीव्हीवर रिंगण चालू असताना आमची आजी हात जोडून बसली होती आणि नात शेजारी बसून पुटपुटत होती की याचा पुढचा पाय किती सरळ पडतोय बघ, त्यावर आजीने तिला चांगलं झापलं, माऊलींच्या घोड्याला नंबर द्यायचे नसतात म्हणाली. दोघींचंही मला पटलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भीमथडी. भीमा नदीच्या काठचं आपलं दख्खनी तट्टू, ज्याच्यावर मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत जाऊन आल्या, ते संपलं असंच आपण सगळे समजत होतो. इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, दौंड-बारामतीकडचा. पण तट्टं संपली नव्हती, मेंढरांच्या कळपामागे धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन ती चालतच होती. आता करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी ही घोड्याची वेगळी जात म्हणून नोंदवली आहे. ही किती मोठी बातमी आहे, आणि किती पुणेकरांना माहीत आहे हो? भीमथडी म्हटलं की आपल्याला जत्रा आठवते आणि जत्रा म्हटली की मांडे आणि पुरणपोळी.

तर माझं म्हणणं असं की मुलांची जजिंग टीम पुण्यात काढायची असेल तर ती इथून सुरू करावी. गुण द्यायची पद्धत तिकडची घ्या, चार घोडे, पन्नास गुण, दोन मिनिटं बोलणं, त्याला कोणी मनाई केलेली नाही. पण चांगला घोडा कोणता याचं माप तिकडचं घेऊन चालणार नाही. क्वार्टर हॉर्स हा पाव मैलाची शर्यत पळण्यासाठी तयार झालेला घोडा, त्याचा पुठ्ठा भरलेला आणि जाड असणारच. मारवाडीचे कान आत वळून टोकाला टोक लागतात, तिथे कानाला किंमत आहे. भीमथडी लहानखुरा, काटक, ओझं घेऊन डोंगरदऱ्यात दिवसभर चालणारा. त्याला क्वार्टर हॉर्सच्या फुटपट्टीने मोजलं तर तो प्रत्येक वेळी चौथा येईल आणि मुलं शिकतील ते चुकीचंच. त्याचं माप कोण सांगणार, तर पशुवैद्यकातले लोक आणि त्यांच्या बरोबरीने ज्यांच्या वाडवडिलांनी ही तट्टं राखली ते धनगर.

आणि म्हणूनच मला ती टीम नुसती कोथरूड-औंधच्या मुलांची नकोय. स्वारीच्या क्लासला जाणारं आपलं पोर घोड्यावर ताठ बसतं, पण खाली उतरलं की घोडा मोतद्दाराच्या हातात देऊन गाडीत जाऊन बसतं. इकडे बारामती-इंदापूरकडचं एखादं धनगराचं पोर लांबून चाल बघून सांगेल की हिच्या मागच्या डाव्या पायात काहीतरी आहे. त्याला कोणी कधी स्टेजवर बोलावून विचारलंय का की तुला कसं कळलं? तेच तर रीझन्स. या दोघांना एका टीममध्ये घाला आणि बोलणं मराठीत ठेवा, इंग्रजी अजिबात नको, मग बघा कोण कुणाला शिकवतं ते.

आपल्याकडे अश्वपरीक्षा नव्हती असं मी मुळीच म्हणत नाही, अश्वशास्त्र सांगणाऱ्या शालिहोत्राचं नाव आपण हजारो वर्षं घेतोय. सारंगखेड्याला दत्तजयंतीला, माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आणि अकलूजच्या बाजारात आजही असे लोक भेटतात की ते घोड्याभोवती एक चक्कर मारतात आणि सगळं सांगतात. पण तिथेही भाव कशावर ठरतो ते जरा उभं राहून ऐका. कपाळावरचा केसांचा भोवरा, गळ्यावरचा देवमण नावाचा भोवरा, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, नुकरा आहे का. रंग पांढराशुभ्र आणि त्वचा गुलाबी असली की किंमत चढत जाते, आणि खाली पाय वाकडे असले तरी कोणी वाकून बघत नाही. चांगल्या पायांची, चांगल्या चालीची घोडी एका भोवऱ्यामुळे खोडीची ठरते आणि कवडीमोलाने जाते. ज्याला श्रद्धा ठेवायची त्याने ठेवावी, माझं काही म्हणणं नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलाला निदान दोन्ही माहीत असू देत, भोवरा कुठे आहे ते आणि ओळंबा कुठून जातो ते. रेवाल चालीबद्दल (स्वाराला हिसके न देणारी भरभर चाल) आपली जुनी माणसं जे बोलतात ते मात्र शंभर टक्के शिकण्यासारखं आहे, ते कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही.

याचा उपयोग काय असंही विचारतील, पुणेकर विचारणारच. मागे एका थंड हवेच्या ठिकाणी आम्ही गेलो होतो, तिथे पर्यटकांना फिरवणारे घोडे उभे होते. आमच्या मुलीने एक घोडा येताना बघितला आणि म्हणाली, आई, त्याच्यावर बसायचं नाही, त्याचा पुढचा पाय दुखतोय. मला तर काही दिसेना. ती म्हणाली डोकं बघ, दुखरा पाय जमिनीवर टेकला की डोकं वर जातं आणि चांगला टेकला की खाली येतं. मग मलाही दिसलं, आणि एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नाही. मालक बिचारा भांडला नाही, त्याने खूर उचलून बघितला तर नालेच्या कडेला खडा अडकलेला होता, तो काढला आणि त्याला बाजूला बांधून ठेवला. असंच शरीरावरच्या मांसाचं. १९८३ मध्ये हेनेके नावाच्या संशोधकाने १ ते ९ अशी एक पट्टी दिली, १ म्हणजे नुसता सापळा, ९ म्हणजे लठ्ठ, ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात. हे दहा वर्षांच्या मुलाला एका सकाळी शिकवता येतं. लग्नसराईत वरातीच्या घोड्याभोवती आपली शंभर माणसं नाचत असतात, त्यातल्या दोन पोरांना जरी ही पट्टी येत असली तर त्या घोड्याच्या मालकाला कोणीतरी विचारेल तरी.

एक भीती आहे ती पण लिहून टाकते. पुण्यात कुठलीही चांगली गोष्ट सुरू झाली की वर्षभरात तिचा क्लास होतो, बॅचेस पडतात, लेव्हल वन लेव्हल टू, युनिफॉर्म, सर्टिफिकेट, आणि शेवटी गॅदरिंगला सगळ्यांना एकसारखी मेडल. तसं करायचं असेल तर कृपा करून करूच नका. आणि आई-बापांना क्लास चालू असताना कुंपणापासून वीस फूट लांब ठेवा, मी सुद्धा खुणा करायचे, मला आजीबाईंनी गाडीत बसवलं होतं. घोड्यांचा पण विचार हवा. डांबरी रस्त्यावर पळवायचं नाही, मे महिन्याच्या उन्हात उभं करायचं नाही, पाणी आधी घोड्याला मग आपल्याला.

लागतं किती कमी ते बघा. मऊ मातीचं सपाट मैदान. साधारण सारख्या वयाचे चार घोडे आणि ते धरणारी चार शांत माणसं. क्रम आणि कट आधी लावून ठेवणारा एक जाणता, मग तो डॉक्टर असो, निवृत्त रिसालदार असो नाहीतर नालबंद, नालबंदाएवढे पाय कोणी बघितलेले नसतात. आणि बसून मुलांचं दोन मिनिटं ऐकून घेणारा एक माणूस, हा मात्र मिळायला सगळ्यात अवघड जाईल. मुलं साधारण १० ते १८ वर्षांची, पॅड आणि पेन्सिल ज्याची त्याने आणायची. पहिले काही महिने स्पर्धा ठेवूच नये, नुसता सराव, एका रविवारी दोन क्लास पुरे. नंतर पुढच्या डिसेंबरात जत्रा आणि कृषी प्रदर्शनं भरतात तिथे आयोजकांनी मुलांसाठी एक सकाळ द्यावी, बक्षीस म्हणून नाल दिली तरी पोरं खूश होतील.

पावसाळा संपला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही वेळ उत्तम. पुण्यात किंवा तासाभराच्या अंतरात ज्यांच्याकडे चार घोडे एका वेळी उभे करता येतील, मग ती रायडिंग स्कूल असोत, फार्मवाले असोत किंवा तट्टं बाळगणारं एखादं कुटुंब, त्यांनी तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात आणि तुम्ही त्या माझ्यापर्यंत पोचवाव्यात एवढी विनंती. माझा पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये. घोडे धरणाऱ्यांचा चहा-नाष्टा आणि घोड्यांचा चारा-हरभरा माझ्याकडे लागला. कट लावायला येणाऱ्या जाणत्या माणसाची पेट्रोलची व्यवस्था मिस्टर करतील, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आपली,
एक वाचक
कोथरूड, पुणे